पहिल्या मात्रेआधीचे रक्त : जंतुसंसर्गाचा माग काढणारी रक्तसंवर्धन चाचणी

तंजावर : येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील मराठी कागदपत्रांच्या मोठ्या संग्रहाबरोबर काही जुन्या रुग्णनोंदीही जपून ठेवलेल्या आहेत. 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेले सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांना वैद्यकाची विशेष आवड होती. त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत, त्यांचे गुण पारखले जात आणि अनुभवास आलेले योग लिहून ठेवले जात. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदींत रुग्णाचा आजार, डोळ्याचे चित्र आणि केलेले उपचार यांचा तपशील आढळतो. उपचार काय केले हे लिहिण्याआधी रोग काय होता हे लिहावे, ही शिस्त त्या पानांतून दिसते.

दोनशे वर्षांनंतर वैद्यकाची साधने पार बदलली, पण या शिस्तीची गरज कमी झालेली नाही. रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाच्या बाबतीत तर रुग्णाचे प्राणच तिच्यावर अवलंबून असू शकतात. प्रतिजैविकाची पहिली मात्रा शरीरात जाण्यापूर्वी काही मिलिलिटर रक्त एका पोषक द्रवाच्या बाटलीत घेतले, तर संसर्ग कोणत्या जंतूचा आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे प्रयोगशाळा सांगू शकते. तेवढी काही मिनिटे निसटली, तर तीच प्रयोगशाळा अनेकदा निरुत्तर होते. या तपासणीला रक्तसंवर्धन चाचणी म्हणतात; रुग्णालयांत ती ‘ब्लड कल्चर’ या नावाने परिचित आहे.

रक्तात जंतू शिरतात तेव्हा

निरोगी माणसाच्या रक्तात जिवाणू वस्ती करून राहत नाहीत. दात घासताना किंवा लहानशा जखमेतून काही जिवाणू आत शिरले, तरी शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांचा लगोलग निकाल लावते. फुप्फुसाचा दाह, मूत्रमार्गाचा संसर्ग, पित्ताशयातील किंवा आतड्यातील बिघाड, चिघळलेली जखम, प्रसूतीनंतरचा गर्भाशयाचा संसर्ग किंवा शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी यांपैकी एखाद्या ठिकाणाहून जिवाणू सतत रक्तात येऊ लागले, की मात्र स्थिती पालटते. संसर्गाला शरीराकडून येणारा प्रतिसाद बेताल होऊन मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू अशा अवयवांचे काम कोलमडू लागते. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार 2017 या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे सुमारे 4 कोटी 89 लाख रुग्ण होते आणि सुमारे 1 कोटी 10 लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते. जागतिक आरोग्य सभेने 2017 मध्येच सेप्सिसचा प्रतिबंध, निदान व उपचार यांविषयी स्वतंत्र ठराव संमत केला होता.

अशा रुग्णात पांढऱ्या पेशींची संख्या, सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिन या चाचण्या लवकर हाती येतात. शरीरात दाह किती आहे, याची कल्पना त्यांवरून येते. दाह कोणत्या जंतूमुळे झाला आणि तो जंतू कोणत्या औषधाने मरेल, हे मात्र त्या सांगत नाहीत. त्यासाठी जंतूच हाती लागावा लागतो.

सूतिकाज्वरापासून सुरुवात

या शोधाची मुळे बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जातात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रसूतिगृहांत सूतिकाज्वराने असंख्य स्त्रिया दगावत. त्याचे कारण दूषित हवा की आणखी काही, यावर वाद चालू होता. लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या रुग्णालयांतील अशा रुग्ण स्त्रियांचे स्राव व रक्त पोषक द्रवात वाढवून पाहिले. साखळीसारखे दिसणारे गोल जंतू त्यांना आढळले. 1879 मध्ये तेथील वैद्यक अकादमीत त्यांनी ती साखळी फळ्यावर काढून दाखवली. आज तो जंतू स्ट्रेप्टोकॉकस या नावाने ओळखला जातो. पुढे 1884 मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जिवाणू रंगवून त्यांचे दोन मोठे गट पाडण्याची पद्धत दिली. शंभरीच्या पुढे गेलेली ही दोन्ही कामे, म्हणजे रक्तातून जंतू वाढवणे आणि तो रंगवून पाहणे, आजही या चाचणीचा पाया आहेत.

तंजावरमध्येही माता व बालकांच्या उपचारांसाठी ओळखले जाणारे राजा मिरासदार रुग्णालय आहे. संस्थानचा राजा आणि जमिनीचे वंशपरंपरागत हक्कदार मिरासदार, हे मराठी वाचकाच्या ओळखीचे दोन्ही शब्द त्या नावात टिकून आहेत. सूतिकाज्वर आता पूर्वीइतका सर्रास आढळत नसला, तरी बाळंतीण आणि नवजात अर्भक यांना रक्तातील संसर्गाचा धोका आजही मोठा असतो, आणि देशातील अशा प्रत्येक रुग्णालयासाठी रक्तसंवर्धन हे निदानाचे मुख्य साधन आहे.

बाटलीत काय घडते

रक्तसंवर्धनाच्या बाटलीत जिवाणूंना वाढीसाठी लागणारे पोषक द्रव असते. रक्त गोठू नये आणि रक्तातील जंतुनाशक घटकांचा प्रभाव कमी व्हावा, यासाठी त्यात एक विशिष्ट रसायन मिसळलेले असते. काही बाटल्यांत रुग्णाच्या रक्तात आधीच असलेले प्रतिजैविक शोषून घेणारे राळेचे कण असतात. प्रौढांसाठी सहसा दोन बाटल्यांचा एक संच वापरतात. एका बाटलीत प्राणवायूच्या सान्निध्यात वाढणाऱ्या आणि दुसरीत प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंची सोय असते.

स्वयंचलित यंत्रात या बाटल्या सुमारे 35 ते 37 अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. जिवाणू वाढू लागले, की ते कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकतात. बाटलीच्या तळाशी बसवलेला संवेदक त्या वायूमुळे बदलतो. यंत्र तो बदल काही मिनिटांच्या अंतराने सतत तपासत असते आणि वाढीची खूण मिळताच इशारा देते. नेहमीच्या रोगकारक जिवाणूंपैकी बहुतेक पहिल्या 48 तासांत आपले अस्तित्व दाखवतात; तरीही सर्वसाधारणपणे बाटली पाच दिवस ठेवली जाते. जेथे यंत्र नाही, तेथे हीच बाटली उबवणीपेटीत ठेवून तंत्रज्ञ तिच्यातील गढूळपणा रोज पाहतात आणि ठरावीक दिवशी त्यातील थेंब पोषक थाळीवर पसरतात.

इशारा मिळाल्यावर बाटलीतील थेंब काचपट्टीवर घेऊन ग्राम पद्धतीने रंगवला जातो. या टप्प्यावर जिवाणू गोल आहे की दंडाकृती, जांभळा दिसतो की गुलाबी, एवढेच कळते. पण तेवढ्यावरूनही औषधाची निवड बदलू शकते, म्हणून ही माहिती छापील अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना दूरध्वनीवरून तत्काळ कळवावी, असा दंडक आहे. दुसऱ्या दिवशी थाळीवर जिवाणूंच्या वसाहती दिसू लागतात, त्यांची ओळख पटवली जाते आणि वेगवेगळी प्रतिजैविके त्यांची वाढ रोखतात का, हे पाहिले जाते. जिवाणू पसरलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवून त्यांभोवती तयार होणारे स्वच्छ वर्तुळ मोजणे, ही त्याची जुनी आणि आजही विश्वसनीय रीत आहे. अशा प्रकारे पूर्ण उत्तर हाती यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. वसाहतींची ओळख काही मिनिटांत पटवणारी वस्तुमानमापक यंत्रे आणि जनुकांवर आधारित चाचण्या मोठ्या प्रयोगशाळांत आल्या असल्या, तरी त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात भरलेल्या, वाढ दाखवणाऱ्या बाटलीपासूनच होते.

मात्रा आधी की रक्त आधी

या चाचणीचे यश प्रयोगशाळेत ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते बरेचसे रुग्णाच्या खाटेपाशी ठरलेले असते. कॅनडा व अमेरिकेतील सात रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत झालेल्या एका अभ्यासात गंभीर संसर्गाच्या तीनशेहून अधिक रुग्णांचे रक्त प्रतिजैविकापूर्वी आणि पहिल्या मात्रेनंतर दोन तासांच्या आत असे दोनदा घेण्यात आले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मात्रेपूर्वीच्या नमुन्यांत 31.4 टक्के रुग्णांत जंतू वाढले; त्याच रुग्णांच्या मात्रेनंतरच्या नमुन्यांत हे प्रमाण 19.4 टक्क्यांवर आले. औषध सुरू झाल्यावर दोन तासांतच निदानाची एवढी मोठी संधी हातची गेली होती.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अनेक रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच औषधाच्या दुकानातून आणलेल्या किंवा जवळच्या दवाखान्यात मिळालेल्या प्रतिजैविकाच्या काही मात्रा घेऊन आलेले असतात. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक करणारी अनुसूची ‘एच-1’ मार्च 2014 पासून लागू आहे. तरीही अर्धवट घेतलेल्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचली नाही, तर संवर्धनाच्या निष्फळ अहवालाचा चुकीचा अर्थ लागू शकतो.

मात्र रक्त आधी घ्यायचे, याचा अर्थ उपचार थांबवून ठेवायचे असा मुळीच होत नाही. सेप्सिसच्या उपचारांविषयीच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल, तर प्रतिजैविक शक्यतो तासाभरात सुरू झाले पाहिजे. संवर्धनासाठीचे रक्त त्याआधी घ्यावे. परंतु त्यापायी औषधाला पाऊण तासाहून अधिक विलंब होता कामा नये. सराव असलेल्या परिचारिकेला वा डॉक्टरला त्याहून कितीतरी कमी वेळ पुरतो. प्रश्न बहुधा वेळेचा नसतो. बाटली हाताशी नसते किंवा आठवण राहत नाही.

रक्त किती आणि कसे

रक्तात जंतू खच्चून भरलेले असतात, ही कल्पनाही वस्तुस्थितीला धरून नाही. प्रौढ रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवंत जिवाणू असतो, काही वेळा तोही नसतो. म्हणून घेतलेल्या रक्ताचे प्रमाण निर्णायक ठरते. प्रौढांत प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त घ्यावे आणि असे किमान दोन संच वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून घ्यावेत, अशी शिफारस आहे. अमेरिकेतील एका पाहणीत पहिल्या संचात सुमारे 73 टक्के, दोन संचांत मिळून सुमारे 90 टक्के आणि तीन संचांत सुमारे 98 टक्के संसर्ग पकडले गेल्याचे आढळले. एकाच बाटलीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घालून पाठवणे म्हणजे निम्मी चाचणी करून पूर्ण उत्तराची अपेक्षा करणे होय. नवजात अर्भकात एवढे रक्त घेता येत नाही. तेथे वेगळ्या लहान बाटलीत किमान एक मिलिलिटर रक्त घेण्याचा प्रयत्न करतात.

दुसरी अट स्वच्छतेची. त्वचेवर निरुपद्रवी जिवाणू कायम असतात. त्वचा जंतुनाशकाने नीट पुसून ती कोरडी होऊ न देता सुई टोचली, किंवा पुसलेली जागा पुन्हा बोटाने चाचपली, तर हेच जिवाणू बाटलीत जातात. मग अहवालात जंतू आढळतो, पण तो रक्तातला नसतो. अशा दूषित नमुन्यामुळे रुग्णाला नको असलेली तीव्र औषधे दिली जातात आणि रुग्णालयातील मुक्काम वाढतो. दूषित नमुन्यांचे प्रमाण 3 टक्क्यांच्या खाली ठेवावे, असा मापदंड प्रयोगशाळा दीर्घकाळ पाळत आल्या आहेत. दोन संच घेण्याचा फायदा येथेही होतो. त्वचेवरचा जंतू चार बाटल्यांपैकी एकीतच वाढला, तर तो बाहेरून आला असण्याची शक्यता अधिक. सर्व बाटल्यांत तोच वाढला, तर तो गांभीर्याने घ्यावा लागतो.

तिसरी बाब साधी, पण वारंवार चुकणारी. रक्त भरलेली ही बाटली शीतकपाटात ठेवायची नसते. इतर नमुने थंड ठेवण्याच्या सवयीने तीही तेथे ठेवली गेली, तर वाढवायचे जंतूच मंदावतात किंवा मरतात. ती नेहमीच्या तापमानात, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे.

कावेरीच्या खोऱ्यातील ताप

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचे केंद्र आहे. चिखलात उभे राहून काम करणाऱ्या शेतकऱ्याला येणारा ताप हा या चाचणीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारा आहे.

मेलिऑयडोसिस हा आजार दमट, उष्ण प्रदेशांतील मातीत आणि भातखाचरांच्या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. 1911 च्या सुमारास रंगूनमध्ये त्याची प्रथम ओळख पटली आणि तमिळनाडूतही त्याचे रुग्ण आढळले आहेत. मधुमेहींना त्याचा धोका विशेष असतो. फुप्फुसात तो क्षयासारखा भासतो, यकृतात वा प्लीहेत गळू करतो आणि रक्तात पसरला तर झपाट्याने जिवावर बेततो. नेहमी वापरली जाणारी अनेक प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. त्यामुळे रक्तसंवर्धनात हा जंतू वाढणे आणि वाढल्यावर तो इतर साध्या जंतूंपैकी एक समजून बाजूला न टाकणे, या दोन गोष्टींवर योग्य उपचार अवलंबून असतात.

याउलट तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही आढळणारा स्क्रब टायफस पाहावा. सूक्ष्म माइटच्या अळीच्या दंशातून पसरणारा त्याचा जंतू पेशींच्या आतच वाढतो. तो संवर्धनाच्या बाटलीत वाढत नाही. तेथे अंगावर दंशाच्या जागी आलेली काळी खपली शोधणे आणि रक्तातील प्रतिपिंडांची किंवा जनुकांची चाचणी करणे हाच मार्ग असतो. हिवताप, डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे निदानही नेहमीच्या रक्तसंवर्धनातून होत नाही. म्हणूनच ‘कल्चरमध्ये काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा लावता येत नाही.

विषमज्वराच्या बाबतीत ही गोष्ट घरोघर लागू पडते. विडाल चाचणीचा कागद पाहून टायफॉइड ठरवण्याची पद्धत देशभर रूढ आहे. 1896 पासून वापरात असलेली ही चाचणी पूर्वीच्या संसर्गानंतरही सदोष होकार देऊ शकते. संवर्धनात जंतू सापडला, तर निदान पक्के होते. मात्र टायफॉइडच्या प्रत्येक दहा रुग्णांपैकी साधारण सहा रुग्णांतच तो सापडतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या समन्वयाने देशात झालेल्या एका मोठ्या पाहणीने या संवर्धनाच्याच आधारे टायफॉइडचा भार मोजला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दिल्ली, कोलकाता व वेल्लोर येथील शहरी वस्त्यांत दर एक लाख बालक-वर्षांमागे 576 ते 1,173 मुलांना संवर्धनाने सिद्ध झालेला टायफॉइड झाला. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात हेच प्रमाण 35 होते. विडालच्या कागदांवरून एवढा फरक विश्वासाने मांडता आला नसता.

अर्भकाच्या बाबतीत

नवजात अर्भकातील संसर्गाची चिन्हे फसवी असतात. ताप येईलच असे नाही. बाळ दूध ओढत नाही, निपचित पडते, अंग गार लागते, श्वास जलद चालतो. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 13,530 अर्भकांच्या अभ्यासात 14.3 टक्के बाळांना सेप्सिस असल्याचे निदान झाले. त्यांपैकी संवर्धनाने सिद्ध झालेल्यांचे प्रमाण एकूण बाळांच्या 6.2 टक्के होते. सापडलेल्या जिवाणूंत असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला आघाडीवर होते आणि त्यांतील बऱ्याच जंतूंनी अनेक प्रतिजैविकांना दाद देणे सोडले होते.

दुसरीकडे महाराष्ट्रातील गडचिरोलीचा अनुभव आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातीलच आरोग्यदूत स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि लक्षणांवरून संसर्ग ओळखून औषधे दिली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. तेथे प्रयोगशाळा जवळ नव्हती आणि तिची वाट पाहणेही परवडणारे नव्हते.

हे दोन्ही अनुभव परस्परविरोधी नाहीत. जेथे प्रयोगशाळा नाही, तेथे लक्षणे पाहून तत्काळ उपचार करणे हेच शहाणपण. जेथे ती हाकेच्या अंतरावर आहे आणि जंतू अनेक औषधांना जुमानेनासे झाले आहेत, तेथे उपचार तितक्याच तातडीने सुरू करताना रक्ताची बाटली न भरणे म्हणजे पुढचा रस्ता अंधारात चालणे.

अहवाल आल्यानंतर

चाचणीची खरी किंमत शेवटच्या टप्प्यावर वसूल होते. सुरुवातीला डॉक्टर अंदाजाने व्यापक प्रभावाचे प्रतिजैविक देतात. जंतू कळला, की ते बदलून नेमके आणि शक्य तर सौम्य औषध देता येते. सुरू असलेले औषध त्या जंतूवर चालत नसेल, तर वेळीच दुसरे देता येते. पुरेसे रक्त घेऊनही 36 ते 48 तासांत काही वाढले नाही आणि बाळ सावरले, तर अनेक अर्भकांत प्रतिजैविक थांबवण्याचा निर्णयही घेता येतो. अहवाल कागदपत्रांत तसाच पडून राहिला आणि औषध तेच चालू राहिले, तर रुग्णाने दिलेले रक्त आणि प्रयोगशाळेचे श्रम दोन्ही वाया जातात.

रुग्णाच्या नातेवाइकांना यात दोन साधे प्रश्न विचारता येतात. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी संवर्धनासाठी रक्त घेतले आहे का, हा पहिला. त्याचा अहवाल आल्यावर औषधात काही बदल करायचा आहे का, हा दुसरा. आधी घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव आणि वेळ स्वतःहून सांगणे, हाही उपचारांचाच भाग आहे.

एकेका रुग्णाच्या पलीकडेही या बाटल्यांचा उपयोग आहे. रुग्णालयातील वर्षभराचे अहवाल एकत्र मांडले, की तेथे कोणते जंतू अधिक आढळतात आणि कोणती औषधे त्यांच्यावर अजून चालतात, याचा तक्ता तयार होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013 पासून अशा नोंदींसाठी देशव्यापी जाळे उभे केले आहे. दिल्लीतील जंतू तंजावरसारखेच वागतील असे नाही, आणि पुण्यातले कोल्हापूरसारखे. म्हणून रात्री दोन वाजता गंभीर अवस्थेत आलेल्या पुढच्या रुग्णासाठी पहिले औषध निवडताना डॉक्टरांना त्याच रुग्णालयातील आधीच्या रुग्णांच्या नोंदी सर्वांत अधिक उपयोगी पडतात. धन्वंतरी महालात रुग्णांचे अनुभव लिहून ठेवण्यामागे हेच प्रयोजन होते. मात्रेआधी भरलेली प्रत्येक बाटली त्या नोंदवहीत एका ओळीची भर घालते.